तीन बिंदूंचे अवकाशयान

संगणकावर एखादा साधा खेळ तयार करण्याची खटपट तुमच्यापैकी काहींनी केली असेल. लहान पडद्यावर त्यातील अवकाशयान छान दिसते. पण तोच खेळ विज्ञान प्रदर्शनात प्रोजेक्टरवर दाखवला, की यानाच्या तिरप्या कडांना जिन्यासारख्या पायऱ्या दिसू लागतात. असे का होते?

समजा, यानाचे चित्र ६० ठिपके रुंद व ६० ठिपके उंच आहे. म्हणजे संगणकाने ६० × ६० = ३,६०० ठिपक्यांचे रंग साठवलेले असतात. चित्र चौपट मोठे केले, की प्रत्येक ठिपक्याच्या जागी ४ × ४ = १६ ठिपक्यांचा एकरंगी चौकोन येतो. नवी माहिती येणार कोठून? पायऱ्या तेवढ्या मोठ्या होतात.

दुसरी रीत तुमच्या भूमितीतलीच आहे. आलेख कागदावर (०, –४०), (–३०, २०) व (३०, २०) हे बिंदू घेऊन जोडा. संगणकाच्या पडद्यावर य-अक्षाची धन दिशा सहसा खाली असते. म्हणून तेथे यानाचे टोक वर येईल. आता यान म्हणजे केवळ ६ संख्या! प्रत्येकीला ४ ने गुणा : (०, –१६०), (–१२०, ८०), (१२०, ८०). पडद्यावर शेवटी ठिपकेच उमटतात. परंतु ते या मोठ्या आकृतीवरून नव्याने ठरतात. म्हणून कडा रेखीव राहतात. यालाच सदिश चित्र म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. १९७९ साली अमेरिकेतील अटारी कंपनीने काढलेल्या ‘ॲस्टेरॉइड्स’ या खेळात इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर थेट रेषाच ओढत असे. पुढे २००१ साली सदिश चित्रे लिहिण्याची ‘एसव्हीजी’ ही पद्धत वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने प्रमाण म्हणून स्वीकारली. एसव्हीजी फाइल साध्या मजकुराची असते. नोटपॅडमध्ये संख्या बदला आणि ब्राउझरमध्ये चित्र पाहा.

यान वळवताना मात्र नवशिक्यांची हमखास फसगत होते. वेगळे केंद्र सांगितले नाही, तर एसव्हीजीतील आकृती आरंभबिंदूभोवती फिरते. यान त्यापासून दूर काढलेले असेल, तर ते जागीच न वळता भलतीकडे जाते. आता आपले तीन बिंदू पुन्हा पाहा. क्ष-निर्देशकांची बेरीज ०, य-निर्देशकांचीही ०. म्हणजे त्रिकोणाचा मध्यगासंपात नेमका आरंभबिंदूवर आहे! म्हणून यान आधी फिरवावे, मग हव्या त्या जागी सरकवावे. (फाइलमध्ये लिहिताना क्रम उलटा : सरकवण्याची सूचना आधी, फिरवण्याची नंतर.)

अर्थात सर्वच चित्रांना ही रीत सोयीची नाही. छायाचित्रातील असंख्य छटा रेषांनी सांगू गेल्यास फाइल अवजड होईल. तेथे ठिपकेच बरे.

करून पाहा : आपले यान ९० अंशांतून फिरवल्यास तिन्ही बिंदूंचे नवे निर्देशक काय येतील? आधी आलेख कागदावर शोधा आणि मगच संगणकाला विचारा.