जुनी मोटार घेताना

मालवण किनाऱ्यावरील व्यापारी कुटुंबास लहान मोटार ही चैन नसून सोय आहे. सरकारी काम ओरोसला, रेल्वे कणकवली वा कुडाळला. जुन्या गाडीचा विचार होतो तेव्हा पहिली नजर किमतीवर जाते; ती पत्र्यावर जावी. खाऱ्या हवेत इंजिन ठणठणीत असूनही तळ गंजतो. पायाखालचे मॅट उचलावे, दारांच्या खालच्या कडा तपासाव्यात. तेवढ्याच भागास नवा रंग दिसल्यास कारण विचारावे.

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर ५ वर्षांनी तपासणी व नूतनीकरण. हा खर्च किमतीत धरूनच गाडी स्वस्त की महाग ते ठरवावे.

नोंदणीवर बँकेचा बोजा असल्यास ना-हरकत पत्र व नमुना ३५ हाती आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. विकणाऱ्यानेही नमुना २९ व ३० वर सह्या करून स्वस्थ बसू नये. नाव बदलल्याची खात्री करावी. नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, की अपघाताच्या भरपाईचे दायित्व नोंदणीतील मालकावर राहते. ओळखीतल्या व्यवहारात हीच दिरंगाई उभ्या दुकानास भोवू शकते.

खोटे माप हा अचौर्यव्रताचा अतिचार मानला आहे. रंगाखाली गंज झाकणे त्याहून निराळे नाही. दोष सांगून विकलेल्या गाडीस चार पैसे कमी मिळतील. पेढीची पत मात्र शाबूत राहील.