गव्हाळ टेरिअर : आयर्लंडच्या लहान शेतकऱ्याचा कुत्रा



गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्या जातींविषयी आपण नेहमी ऐकता. कुत्र्याच्या जातीविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. वास्तविक कुत्रा हासुद्धा शेतावरचा एक गडीच आहे. म्हणून या वेळी आयर्लंडमधील एका जुन्या जातीची माहिती देत आहे. नाव जरा लांबलचक आहे : सॉफ्ट कोटेड व्हीटन टेरिअर, म्हणजे मऊ केसांचा गव्हाळ टेरिअर. ‘टेर’ म्हणजे जमीन. बिळात शिरून किंवा बीळ उकरून आतले जनावर बाहेर काढणारे जे कुत्रे, ते टेरिअर.

आयर्लंडमध्ये टेरिअरच्या चार जाती आहेत. आयरिश टेरिअर, केरी ब्ल्यू, ग्लेन ऑफ इमाल आणि हा गव्हाळ. चौघांत हाच बहुधा सर्वांत जुना असावा, असे जाणकार मानतात. मऊ केसांच्या कुत्र्यांचे उल्लेख निदान दोनशे वर्षांपासून सापडतात. पण त्याची वंशावळ कोणी लिहून ठेवली नाही, आणि ठेवणार तरी कोण? जमीनदारांच्या वाड्यावर उंचापुरा वुल्फहाउंड असे. जमीन खंडाने कसणाऱ्या कुळाच्या दाराशी हा असे. त्यामुळे त्याला ‘गरिबाचा वुल्फहाउंड’ असेही म्हणत. कुत्री निवडताना कोणी रंगरूप पाहत नसे. ज्याचे काम चांगले, त्याची पिल्ले शेजारी मागून नेत. अशा निवडीतूनच ही जात घडली.

आता त्याचे काम पाहा. कणगीभोवतीचे उंदीर मारायचे, गुरे वळवायची, रात्री दारात राखण करायची, आणि मालकाबरोबर बॅजर व पाणमांजराच्या शिकारीलाही जायचे. बॅजर हा बिळात राहणारा, दांडग्या पंजांचा प्राणी. त्याच्याशी बिळात गाठ घेणे हे येरागबाळ्या कुत्र्याचे काम नव्हे. (ही शिकार आता इतिहासजमा समजावी. आयर्लंडच्या १९७६ च्या वन्यजीव कायद्याने बॅजर आणि पाणमांजर या दोघांनाही संरक्षण दिले आहे.) उंदराच्या बाबतीत टेरिअर मांजरासारखा खेळत बसत नाही. मानेला धरून एक हिसडा देतो की काम झाले, लगेच दुसऱ्यावर.

आयरिश केनेल क्लबने या जातीला १९३७ साली अधिकृत मान्यता दिली. तिथून तो प्रदर्शनात उतरला. पण एक चांगली अट घातली गेली. पुष्कळ वर्षे असा नियम होता की, नुसत्या देखणेपणावर विजेतेपद मिळायचे नाही. उंदीर, ससा आणि बॅजर यांच्यावरच्या कामाची परीक्षा आधी उत्तीर्ण व्हायला हवी. मला ही अट फार पटते. बैलजोडीचा नंबर काढताना नुसती शिंगे रंगवलेली बघून भागते का? जू मानेवर ठेवून बघावे लागते.

नर खांद्यापाशी १८ ते १९ इंच उंच आणि वजनाने १८ ते साडेवीस किलो भरतो. मादी थोडी लहान. अंग चौरस, घट्ट बांध्याचे. रंग फिक्या गव्हापासून तांबूस सोनेरी छटेपर्यंत चालतो. गंमत अशी की, पिल्लू बहुधा काळपट-तपकिरी जन्मते. अंगावर खरा गव्हाळ रंग यायला दीड ते अडीच वर्षे लागतात. केस एकेरी असतात, खाली दाट लोकर नसते. त्यामुळे ते फार गळत नाहीत, पण गुंता फार होतो. वरचेवर विंचरले नाही तर जटा धरतात. स्वभाव इतर टेरिअरांपेक्षा सौम्य, माणसाला लळा लावणारा, मात्र हट्टी. आरडाओरडा करून शिकवायला गेलात तर तो ऐकत नाही. पळणारे काही दिसले की मागे लागतो, तेव्हा कोंबड्या सांभाळाव्यात.

या जातीला एक दुखणे आहे, ते नीट समजून घ्या. काही कुळींत मूत्रपिंडातून लघवीवाटे प्रथिने झिरपून जातात. काहींत तीच गळती आतड्यातून होते. कुत्रा खंगतो, पायांना सूज येते, पोटात पाणी होते. घात असा की, मूत्रपिंडाचा रोग बहुतेक मधल्या वयात उघड होतो. तोवर त्या नराची पिल्ले चार गावांत गेलेली असतात! वळूचे गुण त्याच्या कालवडी दुधाला आल्यावर कळतात, तशातलाच हा प्रकार. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली या रोगाशी संबंधित दोन जनुकांतील दोष प्रसिद्ध केले, आणि आता पैदाशीपूर्वी तशी तपासणी करता येते. दोष सापडला म्हणजे रोग होणारच असे नाही, धोका वाढतो एवढेच. पण दोन्ही बाजूंनी दोष असलेल्यांची जोडी लावू नये. तसेच पैदाशीच्या जनावरांची लघवी, बाहेरून ती निरोगी दिसत असली तरी, दर वर्षी तपासून घ्यावी. नर म्हातारा झाला तरी ही तपासणी थांबवू नये, कारण त्याच्या नातवंडांची जोडी लावताना तोच निकाल उपयोगी पडतो.