शिशाच्या शिपायांची लढाई : जय कसा मोजावा?

बुद्धिबळांचा डाव संपला म्हणजे पटावर कोणाचीं किती मोहरीं उरलीं हें कोणी विचारीत नाहीं. राजावर मात झाली कीं झालें. मग विजयी खेळाडूचा वजीर, दोन्ही हत्ती व अर्धीं प्यादीं खर्चीं पडलीं असलीं तरी त्याच्या जयाला उणेपणा येत नाहीं. आमच्या जुन्या लोकांत प्यादेमातीला अधिक मान असे खरा. परंतु तो मात कोणी केली याचा, किती मोहरीं वांचविलीं याचा नव्हे.

आळीपाळीनें खेळावयाच्या दुसऱ्या एका युद्धखेळांत ही मोजदाद अगदीं निराळी आहे. एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकारानें १९१३ सालीं 'लिटल वॉर्स' नांवाचें लहानसें पुस्तक प्रसिद्ध करून शिशाच्या शिपायांनीं जमिनीवर लढाई खेळण्याचे नियम घालून दिले. खेळ बारापासून दीडशे वर्षें वयाच्या मुलांकरितां आहे, असें त्यानें शीर्षकांतच सांगितलें आहे. तेव्हां पालकांनींही पुढें वाचण्यास हरकत नाहीं. पायदळाचा शिपाई एका पाळींत एक फूट चालतो, घोडेस्वार दोन फूट; स्प्रिंगच्या तोफेंतून लांकडी गोळा सुटतो, आणि तो लागून जो पडेल तो मेला.

आतां गुण पाहा. शत्रूची सारी फौज मारली, पकडली किंवा मैदानाबाहेर हांकली तर जयाचे १०० गुण. शिवाय ताब्यांत असलेल्या प्रत्येक तोफेचे १०, आपल्या जिवंत घोडेस्वाराचा दीड, पायदळाच्या जिवंत शिपायाचा एक. पकडलेल्या शत्रूबद्दल अर्धा गुण. पण मारलेल्या शत्रूबद्दल कांहींच नाहीं! आपला शिपाई शत्रूचा कैदी झाला तरी त्याचा अर्धा गुण आपणांस मिळतोच, कारण तो अजून जिवंत आहे. दोन्ही फौजा पंधरांच्या खालीं आल्या आणि निकाल लागला नाहीं, तर डाव बरोबरीचा व शंभर गुण दोघांत वांटून.

समजा, एका खेळाडूनें तीन तोफा, २० पायदळ व ६ घोडेस्वार राखून जय मिळविला. त्याचे गुण १५९. दुसऱ्या दिवशीं दुसऱ्यानें तितक्याच तोफा, पण ४५ पायदळ व १० घोडेस्वार राखून तोच जय मिळविला, त्याचे १९०. बुद्धिबळांत हे दोघे सारखेच ठरले असते. येथें मात्र मधले एकतीस गुण केवळ जिवंत राहिलेल्या माणसांचे आहेत.

दुसरा प्रकार पिछाडीवरील हल्ल्याचा. शत्रूच्या मागील रेषेवर आपले तीन शिपाई पोंचले कीं तो हरला. सहा पाळ्यांत त्यानें सर्व फौज मागें काढावी, राहील ती शरण. ही रेषा लांब असेल तर घोडेस्वारांची नुसती धांव होते, हा दोष वेल्सनें स्वतःच दाखविला आहे.

माझ्या मतें तिसरा, संरक्षणाचा डाव सर्वांत सरस. त्यांत रक्षकांची फौज हल्लेखोरांच्या दोनतृतीयांश असते. हल्लेखोरांनीं आपल्या मूळ संख्येचा निदान चौथा हिस्सा जिवंत ठेवून रक्षकांची मागील रेषा गांठली पाहिजे. म्हणजे १२० हल्लेखोरांपुढें ८० रक्षक उभे असले, आणि ते हटत हटत तोफा गमावून बसले, तरी त्या रेषेवर पोंचलेले हल्लेखोर मोजून २९ च भरले, तर जय रक्षकांचा.