आवाजाची वाट

गच्चीवर पाण्याची मोटर सुरू झाली की तिचा घूंऽऽ आवाज दोन मजले खाली, बिछान्यातल्या कानाला ऐकू येतो. तो हवेतून येत नाही. पाइपातून, स्लॅबमधून, भिंतीतून उतरतो. इंग्लंडच्या कालव्यांवरच्या नॅरोबोटीत राहणाऱ्यांचं दुखणं नेमकं हेच आहे. फरक इतकाच की त्यांचं सगळं घरच पोलादी डब्याचं असतं.

या बोटी रुंदीला जेमतेम २.१ मीटर. जेम्स ब्रिंडली यांच्या ट्रेंट अँड मर्सी कालव्यावर, जो १७७७ मध्ये पुरा झाला, बोटी चढवणारे-उतरवणारे अरुंद लॉक बांधले गेले आणि बोटींचं माप त्यातूनच ठरलं. लांबी मात्र २१ मीटरच्याही पुढे जाते. तळाला १० मिलिमीटरचा पत्रा, बाजूंना ६, छताला ४ ही आजची नेहमीची जाडी. काठावरून घोडा बोट ओढायचा तेव्हा पाण्यावर शांतता होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनची बोलिंडर इंजिनं आली आणि त्यांची संथ धडधड कालव्याची ओळखच बनली. ती आवडणारे आजही आहेत. पण बोट आता अनेकांचं घर आहे, आणि घरात माणसाला निवांतपणा हवाच.

चार सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला १२०० फेरे घेतं तेव्हा दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला चाळीस धक्के. ते पत्र्यात उतरले की सगळी बोट ताशासारखी वाजते. म्हणून इंजिन रबरी माउंटिंगवर बसवतात. रबर कडक असेल तर धक्के आरपार जातात. फार मऊ असेल तर इंजिन डोलतं आणि पाण्यातला पंखा फिरवणाऱ्या शाफ्टची सरळ रेषा बिघडते. माउंटिंगवर इंजिन स्वतःच्या लयीत झुलत असतं. त्या लयीच्या निदान दीडपट वेगाने धक्के येऊ लागले, तरच रबर ते नीट अडवतं. मंद चालीत कपाटातले कप खुळखुळतात आणि थ्रॉटल वाढवला की गप्प होतात, त्यामागे बहुधा हेच गणित असतं.

शाफ्ट जुळवणं हे हाताचं काम. बोट पाण्यात असतानाच ते करायचं, कारण जमिनीवर टेकलेली बोट वेगळी वाकते. मिस्त्री कपलिंगचे बोल्ट ढिले करतो, दोन तबकड्या केसभर दूर सारतो आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फीलर गेजची पाती सरकवून पाहतो. एका बाजूला पातं अडकलं की माउंटिंगचा नट पाव फेरा फिरवायचा आणि पुन्हा चारही ठिकाणी मोजायचं. नवं रबर काही दिवसांनी बसतं, तेव्हा हे सगळं परत.

याच्या पुढची पायरी फार सुंदर आहे. पंखा बोट पुढे रेटतो तो जोर एरवी इंजिनावर येतो, त्यामुळे माउंटिंग फार मऊ ठेवता येत नाही. शाफ्टवर वेगळं थ्रस्ट बेअरिंग बसवून तो जोर थेट बोटीच्या सांगाड्याला दिला आणि मध्ये गाडीच्या अ‍ॅक्सलसारखे लवचीक सांधे घातले, की इंजिनाला फक्त शाफ्ट फिरवायचा उरतो. मग त्याला मऊ गादी देता येते.

एवढं करूनही एखादा डिझेलचा पाइप लाकडी भिंतीला घासत असेल, तर सगळी मेहनत पाण्यात. एक्झॉस्टला लवचीक तुकडा हवा, तारांना थोडी ढील हवी. इंजिन चालू ठेवून गार पाइपांवर आणि फळ्यांवर हात ठेवत गेलं की चोर सापडतो. पंख्याला गुंडाळलेली प्लॅस्टिकची पिशवीही अशी थरथर लावते. पैसे खर्चण्याआधी ती काढून पाहावी.

हवेतून येणाऱ्या आवाजाचा नंबर यानंतर. डेकच्या फळ्यांखाली जड थर असलेला फोम लावतात. पण फळीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का फट राहिली, तर फोम कितीही भारी असो, वीस डेसिबलपेक्षा जास्त आवाज घटत नाही. म्हणून आधी कडांना रबरी पट्टी लावायची. इंजिनाला हवा तर लागतेच. ती आतून फोम लावलेल्या वळणदार वाटेने द्यायची.

आवाज दाबून दबत नाही, त्याची वाट एकेका सांध्यापाशी तोडावी लागते. सुकाणूवाला बहुतेक बोटींत इंजिनाच्या डोक्यावरच उभा असतो. पुलाखालच्या आंधळ्या वळणावर समोरच्या बोटीचा भोंगा त्याला वेळेत ऐकू यायला हवा. पाव पाव फेऱ्याने जुळवलेल्या त्या नटांचं मोल तिथे कळतं.