भिंगाखाली चांदीचं पाणी
(लेखमाला : थेंबातलं जग – लेख सहावा)

गेल्या आठवड्यात दुधाच्या थेंबातले स्निग्ध गोलक पाहिले. ते काही मायक्रोमीटरचे असल्यामुळे शाळेतल्या सूक्ष्मदर्शकालाही सापडतात. आजचा थेंब घरी केलेल्या चांदीच्या कलिलाचा आहे. औषध म्हणून ते पिणारे लोक अमेरिकेत आणि युरोपात बरेच आहेत. कृती सोपी असते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये शुद्ध चांदीच्या दोन तारा सोडायच्या आणि 9 व्होल्टच्या तीन बॅटऱ्या जोडून वीज चालू करायची. काही वेळाने पाण्यातून लेसरचा झोत सोडला की त्याची रेघ स्पष्ट उमटते. हा टिंडल परिणाम. म्हणजे पाण्यात कण आहेत, आणि कण आहेत तर ते भिंगाखाली दिसायला हवेत, असं कुणालाही वाटेल.

पण इथे प्रकाशच आडवा येतो. अर्न्स्ट आबे यांनी 1873 साली दाखवून दिलं, की भिंग कितीही उत्तम असलं तरी त्याच्या क्षमतेला तरंगलांबीची मर्यादा असते. दृश्य प्रकाशात ती 200 नॅनोमीटरच्या आसपास येते. कलिलातले चांदीचे कण बहुतेक 100 नॅनोमीटरच्या आतले. हजारपटीऐवजी दोन हजारपट मोठं करून पाहिलं तरी फक्त धूसरपणा मोठा होतो.

काहीजण थेंब काचपट्टीवर वाळवतात आणि कडेला दिसणारे काळपट गठ्ठे, स्फटिक म्हणजेच चांदीचे कण असं समजतात. हा गैरसमज दूर व्हायलाच हवा. पाणी उडून जाताना जे एकत्र आलं आणि चिकटलं, ते बाटलीत त्या रूपात नव्हतंच.

थेंब ओला ठेवून पाहण्याची युक्ती वेगळी आहे. सूक्ष्मदर्शकाच्या कंडेन्सरखाली, म्हणजे थेंबावर प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाखाली, मधोमध काळ्या कागदाची चकती ठेवायची आणि दिवा प्रखर घ्यायचा. सरळ येणारा प्रकाश अडतो, तिरका तेवढा थेंबावर पडतो. कवडशात धूळ चमकावी तसे काळ्या पार्श्वभूमीवर ठिपके उजळतात आणि सतत थरथरत राहतात. काही निळे, काही हिरवे, एखादा तांबूस. चांदीतले मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर डोलतात, त्यातून हे रंग येतात. लहान गोल कण निळसर दिसतात, मोठे किंवा लांबट कण हिरव्या-तांबड्याकडे झुकतात. फारच बारीक कण मात्र इथेही निसटतात. शिवाय दिसतो तो कणाने विखुरलेला प्रकाश. ठिपक्याच्या रुंदीवरून कणाचं माप काढता येत नाही.

मग माप काढायचं कसं? रिचर्ड झिगमाँडी आणि हेन्री सीडेनटॉफ यांनी जर्मनीतल्या येना इथे 1903च्या सुमारास बाजूने झोत टाकणारा अतिसूक्ष्मदर्शक तयार केला आणि लाल काचेतलं सोनं तपासलं. ठरावीक घनफळातले ठिपके मोजले. तेवढ्या काचेत सोनं किती, हे ठाऊक होतंच. वस्तुमानाला संख्येने भागलं, की एका कणाचं वजन आणि त्यावरून आकार. न दिसणारी वस्तू मोजण्याची ही रीत मला फार देखणी वाटते. झिगमाँडींना पुढे रसायनशास्त्राचं 1925चं नोबेल मिळालं.

घरच्या बाटलीत हाच हिशेब फसतो. तिथली बरीचशी चांदी कणांच्या रूपात नसतेच, ती आयन होऊन विरघळलेली असते आणि आयन कुठल्याही प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत. थोडं पाणी वेगळं काढून त्यात चिमूटभर मीठ टाका, ते दुधाळ होतं. आयनांची क्लोराइडशी गाठ पडून सिल्व्हर क्लोराइड तयार झालेलं असतं. आता एकूण चांदीला ठिपक्यांच्या संख्येने भागलं, तर प्रत्येक कण आहे त्यापेक्षा मोठा ठरतो.

हे पाणी पिऊ नका. शरीरात साठलेल्या चांदीने त्वचा निळसर-राखाडी होते आणि तो रंग कायमचा राहतो. या विकाराला अर्जिरिया म्हणतात. अशी उत्पादनं सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1999 साली दिला.

ठिपक्यांच्या थरथरीतून मात्र माप निघतं, कारण कण जितका लहान तितकी त्याची धावपळ जास्त. तिचा हिशेब आइन्स्टाइन यांनी 1905 साली मांडला आणि ज्याँ पेरँ यांनी भिंगाखाली पडताळला. ते पुढच्या आठवड्यात.