बँकॉकच्या बाजाराला निघण्यापूर्वी

धरमपेठेत तयार कपड्यांचे दुकान चालवणाऱ्या व्यापाऱ्याला बँकॉकच्या प्रतुनाम बाजाराचा मोह पडतोच. बाजार घाऊक कपड्यांचा. एका नमुन्याचे तीन-चार नग घेतले तरी भाव उतरतो. पण फेरीचा नफा-तोटा ठरतो तो परतीच्या सामानावर.

जाणे अवघड नाही. नागपूरहून विमानाने किंवा हावडा मेलने कोलकाता गाठावे. तिथून बँकॉक विमानाने सुमारे अडीच तास. तिथे सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग असे दोन विमानतळ आहेत, तेव्हा तिकिटावरचे नाव नीट पाहावे. सुवर्णभूमीहून शहरात २०१० पासून रेल्वे जाते. रात्छप्रारोप स्थानकावर उतरून प्रतुनामला पायी जाता येते. १ मे २०२५ पासून आगमनाचा फॉर्म आधीच ऑनलाइन भरावा लागतो. तो मोफत आहे. व्हिसाचे नियम बदलतात, ते तिकिटाआधी विचारावेत. हलाल जेवण सुखुमवित रस्त्याच्या सोई ३ या गल्लीत मिळते.

आता मुख्य गोष्ट. कस्टमची सवलत प्रवाशाच्या स्वतःच्या वस्तूंना आहे, दुकानाच्या मालाला नाही. एकसारखे पन्नास ड्रेस बॅगेत निघाले तर माल अडकतो, दंडही बसू शकतो. म्हणून पॅनवर मिळणारा आयात-निर्यात कोड आधी काढावा, पक्के बिल घ्यावे, माल कार्गोने मागवून रीतसर शुल्क भरावे. भाडे आणि शुल्क धरून नग कितीला पडतो, हा हिशेब दुकानात बसूनच करावा. परवडत नसेल तर तिकीटच काढू नये.