शेवटी देवाचंच नाव घेतलं म्हणे!

एखादा नास्तिक वारला की दहाव्याच्या आत बातमी फिरायला लागते : "शेवटच्या घटकेला हात जोडले हो त्यांनी." सांगणारा तिथे नसतो. ज्यानं त्याला सांगितलं, तोही नसतो. पण जन्मभर देव नाकारणारा माणूस मरताना नाक घासतोच, हे आपल्याकडे इतकं गृहीत धरलेलं आहे की पुरावा मागणाराच उद्धट ठरतो. ठरू दे.

या कथेचा सर्वांत गाजलेला नायक चार्ल्स डार्विन. तो 19 एप्रिल 1882 रोजी वारला. तेहतीस वर्षांनी, 1915 मध्ये, अमेरिकेतल्या एका बाप्टिस्ट नियतकालिकात लेडी होप नावाच्या धर्मप्रचारक बाईंची हकीकत छापून आली. आपण डार्विनला भेटायला गेलो, तो जांभळ्या झग्यात बिछान्यावर बायबल वाचत होता आणि तरुणपणी मांडलेल्या कल्पनांबद्दल हळहळत होता, असं त्यांचं म्हणणं. डार्विनची मुलगी हेन्रिएटा हिनं 1922 मध्ये जाहीर खुलासा केला : वडिलांच्या अखेरच्या वेळी मी तिथे होते, या बाई नव्हत्या, आणि वडिलांनी आपलं कुठलंही शास्त्रीय मत मागे घेतलं नाही. जेम्स मूर या इतिहासकारानं हे प्रकरण खणून काढलं. त्याच्या मते 1881 च्या शरदात एखादी भेट झालीही असेल, पण मतपरिवर्तनाला काडीचा आधार नाही. गंमत म्हणजे खुद्द बाईंच्या हकीकतीतली दुपारही शरद ऋतूतलीच आहे. एप्रिलमधली मृत्युशय्या पुढच्या सांगणाऱ्यांनी जोडली. शिवाय डार्विन स्वतःला नास्तिक म्हणवतच नव्हता, अज्ञेयवादी म्हणवत होता. म्हणजे जो नास्तिक नव्हता, त्याला जी मृत्युशय्या नव्हती तिच्यावर आस्तिक करून टाकलं!

आता ज्याची नोंद खरोखर उपलब्ध आहे असा मृत्यू पाहू. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम पोटाच्या दुखण्यानं खंगत चालला होता. देवाधर्माविषयीच्या त्याच्या शंका जगजाहीर होत्या. 7 जुलै 1776 रोजी एडिंबरामध्ये लेखक जेम्स बॉस्वेल त्याला भेटायला गेला. मरण समोर दिसत असताना हा गृहस्थ परलोक नाकारतो का, हेच त्याला पाहायचं होतं. ह्यूम दिवाणखान्यात एकटाच रेलून बसला होता. अंगात राखाडी कपडे, चेहऱ्यावर प्रेतकळा. परलोक असणं निदान शक्य तरी आहे ना, असं बॉस्वेलनं विचारलं. ह्यूमचं उत्तर असं की, विस्तवात टाकलेला कोळसा पेटणार नाही, हेही शक्य आहेच! गप्पा हसतखेळत झाल्या. अस्वस्थ होऊन परतला तो श्रद्धावान बॉस्वेल. ह्यूम 25 ऑगस्टला गेला. त्याच्या शांत अखेरीबद्दल त्याचा मित्र, अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथनं एक पत्र प्रसिद्ध केलं, आणि ब्रिटनच्या व्यापारव्यवस्थेवर केलेल्या कडक टीकेपेक्षा दहापट शिव्या आपल्याला या साध्या पत्रानं मिळवून दिल्या, असं त्यानं पुढे लिहून ठेवलं. नास्तिकाचं समाधानानं मरणं लोकांना किती झोंबतं ते पाहा.

भगतसिंगांच्या बाबतीत तर अंदाज बांधायची गरजच नाही. 1930 मध्ये लाहोरच्या तुरुंगात त्यांनी 'मी नास्तिक का आहे' हा निबंध लिहिला. शेवटचे दिवस आले की तूही देव मानायला लागशील, असं एका मित्रानं म्हटल्याचं त्यात आहे. असल्या स्वार्थासाठी प्रार्थना करणं मला कमीपणाचं वाटतं, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. 23 मार्च 1931 रोजी त्यांना फाशी झाली.

आणि समजा, वेदनेत, ग्लानीत कुणाच्या तोंडून "अरे देवा" निघालंच, तर? ठेच लागल्यावर "आई गं" म्हणणाऱ्याला आई धावून येईल अशी अपेक्षा नसते. शिवाय दुखण्याला कंटाळून देवाला बोल लावत गेलेले भाविक काय कमी आहेत? त्यावरून देव नाही असं सिद्ध झालं, म्हणाल का? मग उलटा हिशेब तरी का मांडता?

"पण घरच्यांनी दहावं-तेरावं केलंच ना!" केलं असेल. ते घरच्यांचं मत झालं. गेलेल्या माणसाला आक्षेप घ्यायची सोय नसते. म्हणून तर सावरकरांनी आधीच लिहून ठेवलं होतं की आपल्यामागे विधी नकोत, देह विद्युतदाहिनीत द्यावा.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

नास्तिकाला मरणाची भीती जास्त वाटते : 2017 मध्ये जोनाथन जाँग आणि सहकाऱ्यांनी जुन्या शंभर अभ्यासांचा आढावा घेतला. निम्म्याहून अधिक अभ्यासांत श्रद्धा आणि मृत्यूची भीती यांचा संबंधच सापडला नाही. काहींत भाविक कमी घाबरणारे निघाले, काहींत जास्त.

देव नाही तर नीती नाही : जैन आणि बौद्ध दर्शनांत जगाचा निर्माता ईश्वर नाही, अहिंसेवर त्यांच्याइतका भर कुणी दिला? नास्तिक र. धों. कर्वे यांनी खटले आणि पदरचा तोटा सोसून 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, ते कुठल्या पुण्यासाठी?

सगळे धर्म अमर आत्मा मानतात : बुद्ध पुनर्जन्म सांगतो, पण नित्य आत्मा नाकारतो. येशूच्या काळातल्या ज्यूंमधला सदूकी पंथ मृतांचं पुनरुत्थानच मानत नव्हता.

आणि एक गैरसमज खास नास्तिकांचा : भाविक चांगले वागतात ते स्वर्गाच्या लालचीनं. तुकोबांनी मुक्ती, धन, संपदा काहीच मागितलं नाही. संतसंग मिळणार असेल तर पुन्हा जन्म घ्यायला त्यांची ना नव्हती. मोबदल्यावर नजर न ठेवता चांगलं वागणारे दोन्हीकडे आहेत आणि हिशेबीही दोन्हीकडे. तेव्हा माणूस मरताना काय पुटपुटला याची चौकशी करण्यापेक्षा तो वागला कसा, हे शेजारपाजाऱ्यांना विचारावं. त्याला निदान साक्षीदार तरी असतात.